निर्लेखन

मार्चअखेर. कोठीची किल्ली सही देऊन घेतली.
चार प्रती, पाच रकाने:
वस्तू, खरेदीचे साल, अवस्था, किंमत, शेरा.
आर्वी रोडवरच्या ह्या ग्रामीण रुग्णालयात
इतकं जुनं काही असेल असं वाटलं नव्हतं.

पहिली निघाली मेणाची पेटी.
तळाला पिवळट थर, थरात कुणाच्या तरी बोटांचे खळगे,
पाचाऐवजी साडेतीन.
कुष्ठाच्या हातांना चटका कळत नाही,
म्हणून म्हणे कवडू झाडे आधी आपलं कोपर बुडवून पाही.
डॉक्टर शीर उसनी घेत अनामिकेची,
अंगठ्याला नेऊन जोडत.
पुढचं सगळं कवडूजीचं.
"अंगठा उचल म्हनू नोको त्याले.
करंगळीच्या बाजूचं बोट वाकव म्हन.
अंगठा आपल्यानंच उठते."
मग ताटलीत ज्वारीचे दाणे. मग शर्टाची गुंडी.
मग एक दिवस माणूस स्वतः विडी पेटवी
आणि शिव्या खाई.

पेटी: निकामी. वजन अकरा किलो, भंगार.

कॅलिपर, सतरा नग.
चामडं वाळून पापडासारखं झालेलं,
सगळ्यांत लांब माझ्या गुडघ्याइतकं.
एका पट्ट्यावर खिळ्यानं कोरलंय:
ज्योत्स्ना, चौथी ब.
शाळेत कुणी बदलून नेऊ नये म्हणून असेल.
ह्या मापाचं लेकरू आता येत नाही माझ्याकडे.
सतरा वेळा 'निकामी' लिहिलं,
हात दुखला, बरं वाटलं.

खाली हजेरीपट सापडले, सुतळीत बांधलेले.
कवडू लहानुजी झाडे, हुद्दा: मालिशवाला.
सात वर्षांनी तांबड्या शाईत: व्यायाम सहायक.
पगार तोच.
नंतर अकरा वर्षं त्या ओळीत फक्त 'रिक्त', 'रिक्त',
प्रत्येक महिन्याला कुणीतरी इमानदारीनं लिहिलेलं.
नंतर मी. भौतिकोपचार तज्ज्ञ, कंत्राटी.
साडेचार वर्षं नागपुरात शिकले,
प्रत्येक स्नायूचं उगम-गमन तोंडपाठ.
इथं आले तर रांगेतली म्हातारी विचारते,
"कसरतवाली बाई तूच का वं?"
हाव म्हटलं. मीच.
"मंग करंट लाव न. नुसता हात काय धरून राह्यली?"

शेवटी, दाराआड, ते चाक.
खांद्यासाठीचं. सागाचं, भिंतीला ठोकायचं,
मुठीवरचं लाकूड हातांनी घासून गुळगुळीत.
नागपूरचा दर परवडला नाही,
तेव्हा डोमा बावणे सुताराला सांगितलेलं.
खरेदीचे साल? पावतीच नाही.
किंमत? मागच्या बाजूला पेन्सिलीत खरडलंय:
दोन पायल्या ज्वारी, बाकी राहिली.

पेन उचलला, आणि लाईट गेली.
यंत्र बंद, पंखा बंद,
बाकावर पंचफुला कुमरे, एकटी.
गोठ्यात पडली होती दिवाळीत.
हाड जुळलं, खांदा मात्र गोठला,
पाण्याचा गुंड डोक्यावर चढत नाही.
"मंग आता? जाऊ का परत?
बस नाही चारपर्यंत."

दोघींनी मिळून चाक बाहेर ओढलं.
खिळ्यांची भोकं भिंतीत अजून होती, चुन्याखाली,
बोटानं चाचपली तशी लागली.
अर्धा फेरा. तिचे ओठ आवळलेले.
मी तिच्या खवाट्यावर हात ठेवून उभी:
खवाटा उचलून चोरी करतात सगळेच.
पाऊण फेरा.
कोठीभर आवाज, जशी बैलगाडी चढाला लागली.

शेरा ह्या रकान्यात 'निकामी' लिहिलेलं होतं मी आधीच.
खोडलं. चारही प्रतींवर खोडलं.
लिपिक म्हणाला, खाडाखोड चालत नाही मॅडम,
प्रत्येक ठिकाणी सही करा.
केली.

बुधवारी पंचफुला आली
औषधाच्या जुन्या शिशीत जवसाचं तेल घेऊन.
"लय किरकिरते वं बाई थे तुहं चाक.
डोकं उठते."